आठ आठवड्यांचा पुरावा आणि वर्षानुवर्षांची गोळी

२०२२ च्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. "अगं, ती बातमी खरी आहे का? ते सेरोटोनिन वगैरे सगळं खोटं निघालं म्हणे." दुसऱ्या दिवशी मला गाईडकडे सहामाही प्रगती अहवाल द्यायचा होता. "हो, तसा एक पेपर आलाय खरा, नंतर सविस्तर सांगते," असं काहीतरी मोघम बोलून मी फोन ठेवला.

मावशी तेव्हा चार वर्षं एसिटालोप्राम घेत होती. माझ्या मोघम उत्तरातला 'हो' तेवढा तिने उचलला आणि कुणालाही न सांगता गोळी बंद केली. चार-पाच दिवसांत चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. टीव्हीवरची साबणाची जाहिरात बघूनसुद्धा रडू यायचं. घरच्यांनी निदान करून टाकलं, "आजार उलटला."

खरंच आजार उलटला होता, की गोळी एकदम सोडल्याचा हा त्रास होता? हा प्रश्न आमच्या घरापुरता वाटला तरी या विषयातल्या संशोधनाला सगळ्यात जास्त दमवणारा प्रश्न हाच आहे. आजच्या पोस्टमध्ये नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दलचे काही गाजलेले पेपर आपण टीकेच्या नजरेने वाचू. मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आता औषधांच्या वापराच्या डेटावर पीएच.डी. करते आहे. त्यामुळे कुणी गोळी घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही. पेपरमध्ये विचारलेला प्रश्न आणि आपण त्याच्याकडून वसूल केलेलं उत्तर यांच्यात किती अंतर असू शकतं, एवढंच दाखवायचं आहे. पेट पास होऊन पहिल्यांदा लिटरेचर रिव्ह्यूला बसलेल्यांना हे अंतर लवकर दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

आधी बातमीचा पेपर उरकून टाकू. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांचा हा लेख 'मॉलिक्युलर सायकिएट्री'मध्ये आला. तो अम्ब्रेला रिव्ह्यू होता, म्हणजे आधी झालेल्या आढाव्यांचा आढावा. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा सापडत नाही, हा त्याचा निष्कर्ष. गोळीचा उपयोग होतो का, हे त्या पेपरमध्ये तपासलेलंच नव्हतं. मॉन्क्रिफ स्वतः या औषधांच्या जुन्या टीकाकार आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या गेल्या आणि मथळे देणाऱ्यांनी त्या एकच करून टाकल्या. पण शरीरात पॅरासिटॅमॉल कमी पडलं म्हणून आपल्याला ताप येत नाही, तरी पॅरासिटॅमॉलने ताप उतरतोच. या औषधांचा इतिहाससुद्धा उलट्या क्रमाने घडला आहे. १९५० च्या दशकात क्षयरोगावर देऊन पाहिलेल्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती सुधारताना दिसली. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिनचा परिणाम नोंदवला, तेही मुळात स्किझोफ्रेनियासाठी तपासलं जात असताना. आधी परिणाम दिसला, मेंदूतल्या रसायनांचा सिद्धांत मागाहून, १९६० च्या दशकात आला. तो सिद्धांत पडला तरी परिणामाचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

तो परिणामाचा प्रश्न ज्याने सगळ्यात मोठ्या प्रमाणावर हाताळला तो पेपर म्हणजे आंद्रेआ सिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा, 'लॅन्सेट'मधला. ५२२ ट्रायल्स, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. नेटवर्क मेटा-ॲनालिसिस या पद्धतीने सगळी औषधं प्लासिबोशी आणि एकमेकांशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा की २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस आहेत. वर्तमानपत्रांनी 'गोळ्या चालतात, वाद संपला' छापाचे मथळे दिले. पेपर मेहनतीचा आहे, यात वाद नाही. कंपन्यांच्या फायलींमधला अप्रकाशित डेटा मागवून घेतला, तिथेच अर्धी लढाई आहे. पण वाद संपला का?

आकडे बघू. प्रतिसादाचा ऑड्स रेशो रिबॉक्सेटिनसाठी १.३७ आणि ॲमिट्रिप्टिलिनसाठी २.१३, बाकीची औषधं या दोन टोकांच्या मध्ये. मावशीच्या एसिटालोप्रामचा १.६८. हा आकडा वाचून "म्हणजे ६८ टक्के जास्त लोक बरे झाले" असं म्हणणारे एम.एस्सी. झालेले लोक मी पाहिले आहेत. ऑड्स म्हणजे बरे वाटलेले भागिले बरे न वाटलेले. समजा, प्लासिबोवर १०० पैकी ३५ जणांना बरं वाटलं. मग ऑड्स ३५ भागिले ६५, म्हणजे साधारण ०.५४. त्याला १.६८ ने गुणलं की ०.९ च्या आसपास येतं आणि त्याची परत टक्केवारी केली की १०० पैकी ४७. म्हणजे शंभर जणांना गोळी दिली तर प्लासिबोपेक्षा बारा जण जास्त. हा फरक लहान नाही, पण '६८' या आकड्याने मनात जे चित्र उभं राहतं तेही हे नव्हे.

आता 'प्रतिसाद' कशाला म्हणायचं? हॅमिल्टन स्केलवरचे गुण निम्म्याने उतरले तर. २४ वरून १२ वर आलेला माणूस 'प्रतिसाद मिळाला' मध्ये, १३ वर थांबलेला 'नाही' मध्ये. एका गुणाच्या फरकाने माणूस इकडचा तिकडे. सलग मोजपट्टी मध्येच कापून तिचे दोन तुकडे केले की फरक ठळक दिसतो, आणि माहिती गळते. तोच डेटा न कापता बघितला तर काय दिसतं, हे मुंकहोल्म आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये मांडलं: सरासरी फरक १.९७ गुणांचा. ही मोजपट्टी ० ते ५२ ची आहे. मॅक्स हॅमिल्टन यांनी ती १९६० मध्ये बनवली, त्यात १७ मुद्दे आहेत आणि त्यातले तीन केवळ झोपेचे, मिळून ६ गुणांचे. ज्या गोळीने नुसती झोप सुधारते तिला इथे दोन गुण मिळवणं फार अवघड नाही. (व्हायव्हात असा प्रश्न आला तर 'स्केल व्हॅलिडेटेड आहे मॅडम' एवढ्यावर सुटका होत नाही, हे स्वानुभवाने सांगते.)

टीकाकार हा दोनचा आकडा घेऊन म्हणतात, हे औषध म्हणजे जवळजवळ पाणीच. समर्थक म्हणतात, सरासरी सोडा, काहींना खूप फायदा होतो. नुसत्या सरासरीवरून यातलं कुठलंच विधान सिद्ध होत नाही. सगळ्यांना दोन-दोन गुण मिळाले असतील किंवा थोड्यांना भरपूर आणि बाकीच्यांना शून्य, सरासरी तीच येईल. हा तिढा सोडवायला माणसागणिक डेटा लागतो आणि तो अमेरिकेच्या एफडीएकडे होता. मार्क स्टोन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'बीएमजे'त २३२ ट्रायल्समधल्या ७३,३८८ जणांचा डेटा मांडला. सरासरी फरक इथेही लहानच, पावणेदोन गुण. पण वितरण बघितल्यावर दिसलं की साधारण १५ टक्के लोकांना प्लासिबोच्या पलीकडचा ठळक फायदा होतो. कोणते १५ टक्के, हे आधी ओळखता येत नाही. माझ्या मते या सगळ्या ढिगाऱ्यातला सगळ्यात उपयोगी आकडा हा आहे, आणि मथळा मिळाला नाही तो नेमका यालाच.

सिप्रियानींच्या पेपरवरचा माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ५२२ पैकी ४०९ ट्रायल्सना औषध कंपन्यांचा पैसा होता, पुराव्याची खात्री 'मध्यम ते अतिशय कमी' या पट्ट्यातली होती, हे लेखकांनी स्वतःच लिहिलं आहे. त्याबद्दल त्यांना दोष देणं म्हणजे प्रामाणिकपणाची शिक्षा देणं. आक्षेप असा की हा सगळा डेटा प्रामुख्याने आठ आठवड्यांच्या आसपासचा आहे. मावशी चार वर्षं गोळी घेत होती. चार वर्षांत आठवडे होतात दोनशेहून जास्त. उरलेल्या दोनशे आठवड्यांबद्दल हा पेपर काही बोलत नाही. बोलण्याचा दावाही करत नाही. तो दावा आपण, वाचणाऱ्यांनी, त्याच्या तोंडी घातला.

इथे जरा बाजूला वळते, कारण एका पेपरचं नाव न घेता ही पोस्ट लिहिणं मला जमणार नाही. अप्रकाशित डेटा मागवण्याची गरज का पडली? एरिक टर्नर यांनी २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन'मध्ये एक साधं काम केलं. अमेरिकेत औषधाला परवानगी मागताना कंपनीला आपल्या ट्रायल्स एफडीएकडे आधी नोंदवाव्या लागतात. टर्नर पूर्वी तिथेच काम करत. त्यांनी १२ औषधांच्या ७४ ट्रायल्सची एफडीएकडची नोंद घेतली आणि जर्नलमध्ये काय छापून आलं ते शेजारी ठेवलं. एफडीएच्या मते ३८ ट्रायल्स यशस्वी. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ अपयशी किंवा संशयास्पद. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा शब्दांत छापल्या की वाचणाऱ्याला यशस्वीच वाटाव्यात, आणि जशा होत्या तशा छापल्या फक्त ३. ग्रंथालयात बसून जर्नल वाचणाऱ्याला ९४ टक्के ट्रायल्स यशस्वी दिसत होत्या. खरा आकडा होता ५१ टक्के.

या पेपरमध्ये ना प्रयोगशाळा आहे, ना महागडं उपकरण. दोन कपाटांतली कागदपत्रं शेजारी ठेवली, बस. 'माझ्याकडे फंडिंग नाही, मी काय संशोधन करणार' असं म्हणणाऱ्या ज्युनियरला मी हा पेपर देते.

आता प्रसाराचा मुद्दा. नैराश्यावरच्या गोळ्या 'फार' घेतल्या जातात, हे वाक्य ज्या देशाबद्दल नेहमी ऐकू येतं तो इंग्लंड, कारण तिथे नोंदी चांगल्या आहेत. तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ या वर्षात ८६ लाख लोकांसाठी ८ कोटी ६० लाख वेळा या वर्गातलं औषध दिलं गेलं. आधीच्या, २०१७-१८ च्या, पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या पाहणीत ७३ लाख, म्हणजे प्रौढांपैकी १७ टक्के. सहा-सात माणसांत एक! मथळा तयारच असतो: 'निम्मा देश उदास' किंवा 'डॉक्टर गोळ्या वाटतायत.' दोन्ही मथळे गृहीत धरतात की दरवर्षी पूर्वीपेक्षा जास्त लोकांना नव्याने गोळी सुरू होते आहे.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाणी वाढतंय म्हणजे नळ मोठा सोडलाय असंच नाही. खालचा निचरा तुंबला असेल तरी पाणी वाढतं. वर्षाला हजार जणांनी गोळी सुरू केली आणि प्रत्येकाने सहा महिने घेतली, तर कुठल्याही एका दिवशी घेणारे साधारण पाचशे. तेच हजार जण पाच-पाच वर्षं घेत राहिले तर पाच हजार. नवीन रुग्ण एकाने वाढला नाही, तरी वापर दहापट. साथरोगशास्त्राच्या पहिल्याच धड्यात प्रादुर्भाव आणि आढळ यातला फरक घोकलेला असतो, पण वर्तमानपत्र हातात आलं की आपण तो विसरतो.

मायकेल मूर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'बीएमजे'त नेमका हाच हिशेब केला. ब्रिटनमधल्या १७० जनरल प्रॅक्टिसच्या नोंदी, १९९३ पासूनच्या. नैराश्याचे नवे रुग्ण काही त्या प्रमाणात वाढलेले नव्हते. दर रुग्णामागची प्रिस्क्रिप्शनं मात्र १९९३ मधल्या २.८ वरून २००४ मध्ये ५.६ वर गेली होती. बरोब्बर दुप्पट. वाढीचा मोठा भाग दीर्घकाळ घेणाऱ्या थोड्या लोकांमुळे होता. म्हणजे लोकांना गोळी उगाच सुरू होते का, या प्रश्नाइतकाच किंवा त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की सुरू झालेली गोळी थांबत का नाही.

एवढं वाचून 'थांबत नाही म्हणजे वाईटच' असं ठरवू नका. काहींना ती वर्षानुवर्षं लागतेच. २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेली अँटलर ट्रायल बघा. दीर्घकाळ गोळी घेणारे, आता बरं वाटतंय, थांबवू या का असा विचार करणारे ४७८ लोक. अर्ध्यांची गोळी चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू कमी करून त्याजागी तशीच दिसणारी प्लासिबोची गोळी दिली. कोण कशावर आहे हे कुणालाच माहीत नाही. ५२ आठवड्यांत आजार उलटला तो चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आणि थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा. गोळीच्या बाजूने स्पष्ट निकाल. पण तोच आकडा उलटा करून वाचा: थांबवलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला नाही, आणि चालू ठेवूनही ३९ टक्क्यांना त्रास झाला. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या व्याख्यानात यातला एकच आकडा दाखवतात.

आणि इथे मावशीचा प्रश्न परत येतो. त्या ५६ टक्क्यांत खरा आजार किती आणि गोळी सुटल्याचा त्रास किती? झोप उडणं, चिडचिड, रडू येणं, ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. अँटलरमध्ये डोस साधारण दोन महिन्यांत शून्यावर आणला होता. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिएट्री'त दाखवलं होतं की मेंदूतल्या सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरवर औषधाचा ताबा डोसच्या सरळ प्रमाणात नसतो. आलेख आधी झपकन चढतो आणि मग सपाट होतो. त्यामुळे वरच्या डोसवरून निम्म्यावर येताना मेंदूला फारसं कळत नाही, पण शेवटच्या अगदी छोट्या डोसवरून शून्यावर येताना कडा कोसळतो. म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यात बारीक हवेत, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण रुग्णांवर तपासून सिद्ध झाला आहे असं समजून लिहिणारे बरेच आहेत, ते थोडं घाईचं आहे.

मग त्रास होतो तरी किती जणांना? २०२४ मध्ये हेन्सलर आणि सहकाऱ्यांचा 'लॅन्सेट सायकिएट्री'तला आढावा सांगतो: गोळी थांबवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं. प्लासिबो थांबवलेल्यांपैकी १७ टक्क्यांना! साखरेची गोळी सोडल्यावरही सहा जणांत एकाला त्रास. 'मनाचे खेळ' म्हणून तो आकडा झटकून टाकू नका आणि ३१ टक्केही आहे तसा उचलू नका. दोहोंतला फरक, साधारण १५ टक्के, म्हणजे सहा-सात जणांत एक, हा औषधाच्या वाट्याचा. टीकाकारांना हा आढावा आवडला नाही. त्यांचा आक्षेप असा की त्यातल्या बऱ्याच ट्रायल्समध्ये लोकांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलं होतं. आक्षेप रास्त आहे. फिरून आपण तिथेच आलो: मोजतो आठवडे, बोलतो वर्षांबद्दल.

आपल्याकडचं काय? इथे मला इंग्लंडचा मथळा मराठीत आणणाऱ्यांचा राग येतो, आणि त्या यादीत माझं त्या रात्रीचं मोघम उत्तरही आहे. बेंगळुरूच्या निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांसाठी ७० ते ९२ टक्के निघालं. नैराश्य ज्यात येतं त्या सर्वसाधारण मानसिक आजारांसाठी ८५ टक्के. शंभरातले पंच्याऐंशी उपचारापर्यंत पोचतच नाहीत, तिथे 'गोळ्या फार झाल्या' हे वाक्य कोणाबद्दल आहे? पण म्हणून उरलेल्या पंधरांचं सगळं ठीक चाललंय असंही नाही. कागदावरची जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच पट्टी परत-परत आणणारे आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी आहेत. इंग्लंडसारखी रुग्णागणिक प्रिस्क्रिप्शनची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे नाही. विक्रीचे आकडे मिळतात, पण पट्टी कोणी नेली, नैराश्यासाठी नेली की ॲमिट्रिप्टिलिनसारखी मायग्रेनसाठी, पहिल्या महिन्याची की सातव्या वर्षाची, हे त्यातून कळत नाही. म्हणजे मूर यांचा टाकीचा हिशेब आपल्याला मांडताच येत नाही. एका जिल्ह्यात, काही दवाखान्यांच्या केसपेपरवरून जरी कुणी 'दर रुग्णामागे किती काळ' हे काढलं तरी मोठं काम होईल. विषय शोधत असाल तर घ्या, माझ्याकडून फुकट.

मावशीला शेवटी मावसभाऊ डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी गोळी परत सुरू केली आणि आठवड्याभरात चक्कर आणि विजा दोन्ही थांबल्या. इतक्या लवकर थांबल्या यावरून तो आजार नसून गोळी सुटल्याचा त्रास असावा, असं डॉक्टर म्हणाले. नैराश्य उलटलं असतं तर गोळीला गुण यायला आणखी काही आठवडे लागले असते. पुढे सहा महिन्यांनी, तिचं सगळं स्थिर झाल्यावर, त्यांनीच डोस उतरवायला घेतला, फार सावकाश, आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवायला सांगितलं. मी लगेच तिला फोनवर सुचवलं, झोपेचे तास, चक्कर आणि रडू असे तीन रकाने कर, शून्य ते दहा गुण दे, आणि शक्यतो रोज एकाच वेळी भर.

"अगं," ती म्हणाली, "मी बरी व्हायला बसलेय, तुझी पीएच.डी. करायला नाही." दिवाळीत गेले तेव्हा वही बघितली. रकाने दोनच होते, झोप आणि स्वयंपाकाला उत्साह होता की नाही. दुसऱ्यात गुण नव्हते, त्या दिवशी काय केलं त्याचं नाव होतं. काही दिवसांपुढे नुसतं 'खिचडी'.